‘तिची खोली’ असं तू चार वेळा लिहिलं आहेस

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं वगळून: मी शिकायला परदेशी आले त्याला सात आठवडे झाले. विद्यापीठाच्या डॉर्ममध्ये दोघींची खोली आहे, रूममेट इथलीच. पहिल्या दिवशी तिने माझी बॅग जिन्यावरून वर आणायला हात लावला, ‘आपण सगळीकडे एकत्र फिरू’ म्हणाली. पुढे काहीच नाही. सकाळी ‘कशी आहेस?’ विचारते आणि मी तोंड उघडेपर्यंत दाराबाहेर असते. रात्री साडेनऊला मी पलंगावरून घरी व्हिडिओ कॉल लावते, तर ती हेडफोन चढवून भिंतीकडे तोंड करते. साडेदहाला तिचा दिवा बंद. मग मी पुस्तकं घेऊन तळघरातल्या लाँड्रीत बसते, एक-दीडला वर येते. तिच्या मैत्रिणी आल्या की माझ्या पलंगावर बसतात, मी उठून बाहेर जाते. घरी मात्र ‘सगळं छान’ सांगते. सगळ्यांचे पहिले दोन महिने मजेत जातात म्हणे, माझा एक दिवस गेला नाही. माझ्या देशातल्या तिघी विद्यापीठापासून चाळीस मिनिटांवर फ्लॅट घेतायत आणि चौथी जागा मला देऊ करतायत. दोन आठवड्यांत कळवायचंय. जाऊ का? गेले तर हरले असं होईल का? की माझ्यातच काही कमी आहे?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण एक शब्द खटकत होता. मूळ पत्रात चार ठिकाणी तू ‘तिची खोली’ असं लिहिलं आहेस. ‘तिच्या खोलीत मी रात्री दिवा लावत नाही.’ ‘तिच्या खोलीत मला खिडकीकडची बाजू मिळाली नाही.’ एकदाही ‘आमची’ नाही, ‘माझी’ तर नाहीच. त्या खोलीचं निम्मं भाडं तू भरतेस, हे तुला मी सांगायला नको.

तू तिथे पाहुणी म्हणून राहते आहेस. पाहुणं माणूस दबक्या पावलांनी वावरतं, स्वतःसाठी काही मागत नाही, चार माणसं आली की आपण होऊन जागा करून देतं. दोन दिवस हे शोभून दिसतं. सात आठवडे कुणी असं राहिलं तर बरोबरच्या माणसाला त्याचा थांगच लागत नाही. तुझ्या रूममेटच्या जागी क्षणभर मी बसून पाहिलं. खोलीत एक मुलगी आहे. ती कधी काही बोलत नाही, माझ्या मैत्रिणी आल्या की निघून जाते, मी झोपले की अंधारात पुस्तकं गोळा करून कुठेतरी जाते आणि मध्यरात्रीनंतर परत येते. तिला मी आवडत नसेन, असंच मला वाटलं असतं.

आता हेडफोन. तू लिहितेस की ती हेडफोन लावून तुला टाळते. तुझंच वाक्य पुन्हा वाच: साडेनऊला तू कॉल लावतेस आणि ती हेडफोन लावते. आधी कॉल, मग हेडफोन. दहा-बारा फुटांवर रोज तासभर कुणीतरी तिला न कळणाऱ्या भाषेत बोलतंय, मधेच हसतंय, मधेच रडतंय. तिने काय करावं? मला तर शंका आहे की तुझ्या घरच्यांशी चाललेल्या बोलण्यात आपण कान घालू नयेत, एवढ्यासाठीच ती भिंतीकडे वळत असेल. तसं नसेलही. पण विचारल्याशिवाय तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही, आणि सात आठवड्यांत तू एकदाही विचारलेलं नाहीस.

हे सगळं मी इतक्या खात्रीने बोलते कारण मी स्वतः यातून गेले आहे. शिकत असताना माझ्या खोलीतली मुलगी पहाटे पाचचा गजर लावायची आणि तो दर दहा मिनिटांनी पुढे ढकलत सहापर्यंत वाजवायची. मी एक अख्खं सत्र उसासे टाकले. पांघरूण जोरात ओढायचे, उठल्यावर टेबलाचा खण आदळायचे. माझ्या मते हे पुरेसं स्पष्ट होतं. सत्राच्या शेवटी एकदाची बोलले, तर ती थक्क. ‘तू तर रोज गाढ झोपलेली असतेस! मला वाटायचं तुला ऐकूच येत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन उशीखाली, नुसता थरथरणारा. पाच महिन्यांची झोप मी माझ्या आढ्यतेपायी घालवली होती, कारण ‘एवढं तर कुणालाही कळायला हवं’ यावर मी अडून बसले होते. घरची माणसं आपल्या पावलांच्या आवाजावरून आपलं काय बिनसलंय ते ओळखतात. त्यांना त्यासाठी अठरा-वीस वर्षं मिळालेली असतात.

‘माझ्यातच काही कमी आहे का’ या प्रश्नावर तुला एक अभ्यास सांगते, कारण त्याचा एक भाग थेट तुझ्यासारख्या खोल्यांमधलाच आहे. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. नव्याने भेटलेल्या दोन माणसांना वेगवेगळं विचारायचं, समोरची व्यक्ती तुला किती आवडली आणि तिला तू किती आवडलास असं वाटतं? लोक दुसऱ्या प्रश्नाला सातत्याने कमी गुण देत होते. म्हणजे समोरच्याला आपण जितके आवडलेलो असतो, त्याहून कमी आवडलो असं आपण धरून चालतो. त्यांनी कॉलेजच्या वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही वर्षभर हे विचारलं, आणि हा गैरसमज बरेच महिने टिकून होता. तुझी रूममेट आत्ता हेच तुझ्याबद्दल धरून बसली असेल, हे अगदी शक्य आहे.

‘कशी आहेस?’ हे मात्र सोडून दे. तो प्रश्न नव्हता, नमस्कार होता. अनेक भाषांत हा प्रश्न उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारतात. तिला खरंच जाणून घ्यायचं असेल तेव्हा ती बसून विचारेल. ‘एकत्र फिरू’चंही थोडंफार तसंच. पहिल्या दिवसाच्या उत्साहात माणसं असं बोलतात, त्या वेळी ते खरंही असतं, पण तारीख ठरलेली नसते. तारीख तूही ठरवू शकतेस.

मजेच्या दोन महिन्यांची गोष्ट कुठून आली ते ऐक, म्हणजे तिचं ओझं उतरेल. १९५५ मध्ये स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून एक आलेख मांडला: सुरुवातीला आनंद, मग घसरण, मग पुन्हा चढ. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा. तो इतका सुबक होता की पुढे परदेशी विद्यार्थ्यांना स्वागताच्या कार्यक्रमांत सर्रास दाखवला जाऊ लागला. पण १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून २४ तासांत गाठलं, मग ४, ६ आणि १२ महिन्यांनी. सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीला होता. मधुचंद्र नव्हताच. तेव्हा तुझं काही चुकलेलं नाही. बाकीच्यांचे फोटो मजेचे होते, एवढंच तुला ठाऊक आहे. तूही घरी पाठवलेत ते फोटो मजेचेच असणार.

आणि घराची आठवण येणं हे लहान मुलासारखं वागणं नव्हे. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शिकणाऱ्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या दुखण्याला पहिल्यांदा वैद्यकीय नाव दिलं, ‘नॉस्टॅल्जिया’. त्याने वर्णन केलेल्या रुग्णांपैकी एक बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण होता. आज हा प्रवास रेल्वेने तासाभराचा आहे. तो खंगत चालला होता, आणि घरी पाठवायचं ठरून निघाला तसा वाटेतच सुधारू लागला. तू त्याच्या कितीतरी पट लांब आली आहेस आणि वर्गही चुकवलेले नाहीस.

आता काय करायचं. सगळ्यात आधी दिवा. टेबलावर ठेवायचा, मान वळणारा, पिवळसर उजेडाचा एक लहान दिवा आण. मग तिच्याशी बोल, पण रात्री नाही, मैत्रिणी असताना नाही, आणि चिठ्ठी चिकटवून किंवा मेसेज टाकून तर मुळीच नाही. दुपारी दोघी खोलीत असाल, ती बूट घालत नसेल, अशी वेळ बघ. ‘मला बोलायचंय’ अशी घोषणा नको, त्याने समोरचा घाबरतो. एवढंच म्हण: ‘मला रात्री साडेअकरापर्यंत वाचावं लागतं. हा दिवा भिंतीकडे वळवून लावला तर तुला त्रास होईल का? आज लावून बघूया?’ पहिली मागणी लहान असू दे, हो म्हणायला सोपी. ती हो म्हणाली की लगेच विचार, ‘माझं तुला काही खटकतं का? माझ्या फोनचा त्रास होतो का?’ हा प्रश्न विचारायला जीव धजणार नाही, पण तोच महत्त्वाचा आहे. त्याने तू तक्रार घेऊन आलेली राहत नाहीस. तिच्याकडून एक-दोन गोष्टी निघतील. निघू देत. त्यातली एक तरी तुला सहज मान्य करता येईल.

पलंगाचं त्यानंतर, वेगळ्या दिवशी. आणि त्यासाठी भाषण लागत नाही. मैत्रिणी आल्या की उठू नकोस. आपल्याच पलंगावर पाय पसरून बस, पुस्तक वाच. डॉर्मच्या खोलीत खुर्च्या दोनच असतात, माणसं जिथे जागा दिसेल तिथे टेकतात, आणि जी मुलगी नेहमी उठून जाते तिचा पलंग त्यांच्या लेखी बाक असतो. कुणी शेजारी टेकलं तर नाव विचार. तुला आवडत नसेल तर रूममेटला नंतर साध्या शब्दांत सांग: ‘माझ्या पलंगावर बसण्याआधी मला विचारायला सांगशील का?’ बऱ्याच डॉर्ममध्ये रूममेट करार नावाचा एक कागद असतो. झोपेच्या वेळा, पाहुणे, दिवे, सफाई, कुणाची वस्तू कुणी वापरायची हे त्यात लिहायचं असतं. पहिल्या आठवड्यात सगळे तो न वाचता सही करून देतात. तुम्हीही दिला असेल. तो बाहेर काढायला आत्ता चांगलं निमित्त आहे, कारण आता काय लिहायचं ते दोघींना ठाऊक आहे.

कॉल बंद करू नकोस. जागा बदल. मजल्यावर कॉमन रूम असेल, अभ्यासाच्या बंद खोल्या असतील, आणि घड्याळांतला फरक जमत असेल तर दिवसा चालता चालताही बोलता येतं. रोज तासभर हवाच का, हे मात्र स्वतःला विचार. रात्रीची ती वेळ अशी असते की मजल्यावरच्या माणसांची दारं उघडी असतात, कुणी काहीतरी खायला निघालेलं असतं. तू त्या वेळी स्क्रीनमधल्या घरात असतेस. आठवड्यातले दोन दिवस तो कॉल हलवून बघ. आणि घरी ‘सगळं छान’ सांगतेस त्याबद्दल मी तुला रागावणार नाही, आपण सगळेच सांगतो. फक्त एका माणसाला, बहीण असेल, मावशी असेल, खरं सांग. आईवडिलांना सांगायचं झालं तर आधीच म्हणून टाक, ‘काही करू नका, नुसतं ऐका.’ नाहीतर ते तिकीट काढून मोकळे होतील.

लाँड्रीबद्दल एक राहिलं. तळघरात रात्री अकराला कुणी नसतं म्हणूनच तू तिथे जातेस. तीच खोली रविवारी संध्याकाळी गच्च भरते. मशीन संपायची वाट बघत पाऊण तास अडकलेली, हातात काही काम नसलेली माणसं ओळख करून घ्यायला डॉर्ममध्ये दुसरीकडे सापडत नाहीत. मैत्रीला तास लागतात, अक्षरशः. जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्यात कॉलेजात नव्याने आलेले विद्यार्थीही होते, ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतपत व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २००हून जास्त तास एकत्र घालवलेले दिसले. हे निवांतपणाचे तास. एका वर्गात शेजारी बसल्याने विशेष फरक पडत नव्हता. आता बोटं मोजून सांग, या सात आठवड्यांत तू कुणाबरोबर सलग दहा तास तरी निवांत घालवले आहेस? नसतील तर मैत्री ‘झाली नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही, ती अजून सुरूच झालेली नाही. आणि ती रूममेटशीच व्हायला हवी असंही नाही. रूममेट चांगली शेजारीण निघाली तरी खूप झालं. माझ्या पाहण्यात जिवलग मैत्रिणींनी एक खोली घेतली आणि वर्षअखेर बोलेनाशा झाल्या, असं जास्त वेळा घडलंय.

फ्लॅटकडे येते. ‘गेले तर हरले’ हे वाक्य काढून टाक, मग नीट बघता येईल. आपल्या भाषेची माणसं शोधणं हा पळपुटेपणा आहे असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. स्टीफन बॉकनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची जाळी तपासली, तेव्हा त्यांना निरनिराळी जाळी निरनिराळी कामं करताना आढळली. मायदेशातली माणसं आपलं आपलेपण जपायला, त्या देशातली माणसं अभ्यासाची आणि तिथली कामं निभवायला, आणि इतर देशांतून आलेले विद्यार्थी बरोबर हिंडाफिरायला. तिन्ही लागतात. तिघी तुला जागा देऊ करतायत याचा अर्थ पहिलं जाळं तुझ्याकडे तयार आहे. ते टिकवायला तिथे राहायलाच हवं का, हा वेगळा प्रश्न. शनिवार-रविवार त्यांच्याकडे जाऊनही ते टिकेल. उलट दुसरी दोन जाळी चाळीस मिनिटांवरून विणणं फार अवघड आहे, आणि तुझी ती अजून विणून व्हायची आहेत.

माझं मत विचारतेस तर हे सत्र डॉर्ममध्येच काढ आणि पुढच्या वर्षी फ्लॅटचा विचार कर. पण माझ्या मताआधी कागद बघ. डॉर्मचा करार बहुधा पूर्ण वर्षाचा असतो. मधेच सोडला तर किती पैसे जातात, बदली माणूस आणून सुटता येतं का, शिष्यवृत्तीत राहण्याची अट आहे का, हे हाउसिंग ऑफिसला लेखी विचार, तोंडी उत्तरावर जाऊ नकोस. खोली बदलून मागता येते का तेही तिथेच विचार. बऱ्याच ठिकाणी पहिले काही आठवडे बदल थांबवलेले असतात आणि मग यादी उघडते, तुझ्याकडे ती कदाचित उघडलीही असेल. पत्ता बदलला तर तो कळवण्याची मुदत व्हिसाच्या नियमांत असू शकते. अमेरिकेत ती १० दिवसांची आहे, इतरत्र तुझ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचार. आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही: सुट्टीत डॉर्म बंद राहतं का, हे आजच विचारून ठेवा. तिथली मुलं घरी जातात, लांबून आलेल्यांना आयत्या वेळी राहायला जागा नसते.

आतापर्यंत मी तुझी रूममेट साधी, जरा अबोल मुलगी आहे असं धरून बोलले, कारण पत्रातून तेवढंच दिसतं. ती तुझ्या उच्चारांची नक्कल करत असेल, वस्तू न विचारता वापरत असेल, कुणालातरी रात्री मुक्कामाला आणत असेल, तुला तिची भीती वाटत असेल, तर वरचं काही लागू नाही. मग समजुतीच्या गोष्टी करत बसू नकोस. तारीख-वार लिहून ठेव, मजल्यावरच्या रेसिडेंट असिस्टंटला सांग, त्यांनी काही केलं नाही तर हाउसिंग ऑफिसला लेखी दे. रेसिडेंट असिस्टंट तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा विद्यार्थीच असतो आणि याच कामासाठी त्याला तिथे ठेवलेलं असतं. त्याचं दार ठोठावणं म्हणजे चुगली नव्हे.

दुसरंही एक. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, खावंसं वाटत नसेल, सकाळी उठून वर्गाला जाणं अशक्य झालं असेल, तर विद्यापीठाच्या काउन्सेलरकडे जा. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांना ते मोफत असतं आणि बोललेलं बाहेर जात नाही. जगणं नको असा विचार मनात येत असेल तर वेळ घेऊन थांबायचं नाही, आज, आत्ता, तिथल्या आपत्कालीन नंबरवर फोन करायचा किंवा असिस्टंटचं दार वाजवायचं, कितीही वाजले असले तरी.

कळवायला तुझ्याकडे अजून दोन आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात दिव्याचं बोलून घे. दुसऱ्या आठवड्यात तो फ्लॅट बघून ये, पण रविवारी दुपारी तिघींबरोबर हसत-खिदळत नको. तुझा सगळ्यात उशिरा संपणारा वर्ग ज्या दिवशी असतो त्या दिवशी, दप्तर पाठीवर घेऊन, एकटी जा, आणि परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते थांब्यावर उभं राहून बघ.